पहिलं भाड्याचं घर लावताय? आधी घर मोजा, मग वस्तू घ्या

या लेखात फ्रीज कुठल्या कंपनीचा घ्यावा किंवा कुठला सेल चांगला हे सांगणार नाहीये. पहिल्यांदा स्वतःचं वेगळं घर लावताना कुठली वस्तू त्या घरात चालेल हे आधी कसं तपासायचं, त्याबद्दल हा लेख आहे. मी ते तपासलं नव्हतं. त्याची किंमत पैशात भरलीच, पण थोडक्यात वाचलो असंही म्हणता येईल.

## काय झालं होतं

चार वर्षं मी तीन मित्रांबरोबर फ्लॅट शेअर करत होतो. फ्रीज एकाचा, वॉशिंग मशीन दुसऱ्याचं, मिक्सर तिसऱ्याच्या आईने दिलेला. माझं योगदान म्हणजे राउटर आणि एक गादी. एकाचं लग्न ठरलं, एक बंगळुरूला गेला आणि मी वाकडमध्ये वन बीएचके भाड्याने घेतला. सहावा मजला, म्हणजे आमच्या इमारतीचा शेवटचा. 'सेमी-फर्निश्ड' म्हणजे पंखे, ट्यूबलाइट, ओट्याखालच्या ट्रॉली आणि एक कपाट.

किल्ली हातात यायच्या आधीच दिवाळीच्या सेलमध्ये मी तीन गोष्टी मागवून टाकल्या: ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर, फ्रंट-लोड वॉशिंग मशीन आणि इंडक्शन शेगडी. तिन्हींचे रिव्ह्यू वाचले होते, एक्सेल शीटही केली होती. त्या शीटमध्ये घराचा कॉलम मात्र नव्हता.

आधीच्या भाडेकरूंचा गॅस गिझर होता, त्यामुळे बाथरूममध्ये गिझरचा मोठा पॉइंट कधी काढलाच नव्हता. आरशाशेजारी एक लहान सॉकेट होतं. गिझरची पिन जाडी, सॉकेट लहान. हार्डवेअरच्या दुकानात 'कन्व्हर्टर' मिळतो, मोठी पिन लहान सॉकेटला लावायचा. तो आणला, लावला, पाणी गरम झालं. मी खूश.

आठव्या दिवशी आई सोलापूरहून घर बघायला आली. सकाळी अंघोळीला गेली आणि आतून म्हणाली, "अरे, प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय." मी पळत जाऊन मेन स्विच बंद केला. बघितलं तर कन्व्हर्टर वितळून सॉकेटला चिकटला होता, ओढूनही निघेना. सॉकेटच्या बाजूची टाइल तपकिरी पडली होती.

वायरमनकाका आले, त्यांनी ते खोलून दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "गिझरला काय झालं नाही. तुम्ही घर बघून गिझर घ्यायला पाहिजे होता." या लेखाचा सारांश खरं तर हाच आहे. पुढचा सगळा भाग म्हणजे घर 'बघायचं' म्हणजे नक्की काय करायचं.

## १. वीज: कुठलं सॉकेट किती सहन करतं

शाळेतलं एकच सूत्र लागतं:

वॅट = व्होल्ट × अँपिअर

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. सॉकेट दोन प्रकारची असतात. लहान ६ अँपिअरचं आणि मोठं, जाड भोकांचं १६ अँपिअरचं.

- ६ अँपिअर × २३० = १,३८० वॅट
- १६ अँपिअर × २३० = ३,६८० वॅट

आता साधारण वस्तू किती वॅट घेतात ते बघा. नेमका आकडा वस्तूच्या मागे किंवा तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो.

- एलईडी ट्यूब: २० च्या आसपास
- साधा सीलिंग फॅन: ७५
- मिक्सर: ५०० ते ७५०
- साधी इस्त्री: ७५० ते १,०००
- सोलो मायक्रोवेव्ह: १,२०० च्या आसपास
- इंडक्शन: १,८०० ते २,०००
- हीटर असलेलं फ्रंट-लोड मशीन: २,००० च्या आसपास
- साठवणीचा गिझर: २,०००
- इन्स्टंट गिझर: ३,०००

माझा गिझर ३,००० भागिले २३०, म्हणजे १३ अँपिअर ओढत होता. तेही ६ अँपिअरसाठी बनवलेल्या सॉकेटमधून. कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, सॉकेटची ताकद वाढवत नाही.

### मग एमसीबी का पडला नाही?

हा प्रश्न मलाही पडला. त्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी होता. त्याच्या दृष्टीने १३ अँपिअर ठीकच होते. एमसीबी किती करंट जातोय ते बघतो. सॉकेटचं तोंड किती तापलंय हे त्याला कळत नाही.

उष्णता तयार होते ती सैल जोडणीत. पिन आणि सॉकेटमधला विरोध फक्त ०.१ ओहम धरला तरी १३ × १३ × ०.१ म्हणजे जवळपास १७ वॅट उष्णता त्या एका टोकावर तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधली सोल्डरिंगची कावी २५ वॅटची असते. म्हणजे मी बाथरूमच्या भिंतीत एक छोटी कावी रोज चालू ठेवत होतो. तापलं की आतली पत्ती आणखी सैल होते, विरोध आणखी वाढतो आणि आणखी तापतं.

नियम: गिझर, इंडक्शन, एसी, हीटरवालं मशीन थेट १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. कन्व्हर्टर नाही, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. कुठलीही पिन दहा मिनिटं वापरून हाताला गरम लागली, तर ती जागा वायरमनला दाखवा.

### किल्ली मिळाल्यावर तपासायच्या चार गोष्टी

मंजूर भार. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये छापलेला असतो. मालकाकडून जुनं बिल मागून घ्या. समजा तो ३ किलोवॅट आहे आणि तुम्ही ३ किलोवॅटचा गिझर आणि २ किलोवॅटचं इंडक्शन एकाच वेळी लावलं, तर मेन एमसीबी पडू शकतो. भार वाढवता येतो, पण कनेक्शन मालकाच्या नावावर असतं, म्हणून अर्जही त्यांनाच करावा लागतो. हे करार करण्याआधी बोला.

कुठे किती सॉकेट. घरभर फिरून १६ अँपिअरची सॉकेट मोजा आणि कागदावर लिहा: ओटा, बाथरूम, मशीनची जागा, बेडरूममधला एसी पॉइंट. माझ्या घरात अशी फक्त दोन होती.

अर्थिंग. सॉकेटकडे तोंड करून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. टेस्टर उजवीकडे पेटला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं, अर्थिंग आहे हे कळत नाही. त्यासाठी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो. सॉकेटमध्ये खोचला की अर्थची तार जोडलेली आहे का आणि तारा उलटसुलट आहेत का, हे कळतं. अर्थिंग पुरेसं चांगलं आहे का, हे मात्र वायरमनकडूनच मोजून घ्या. फ्रीज, मशीन, गिझर यांना अर्थिंग नसेल तर सामान आत आणायच्या आधी ते करून घ्या.

आरसीसीबी. मेन बोर्डात 'टेस्ट' असं बटण असलेला स्विच आहे का बघा. आत जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसेल, म्हणजे थोडा करंट दुसरीकडून, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत जात असेल, तर हा लाइन तोडतो. माणसांच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा लागतो. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. जुन्या इमारतींमध्ये बरेचदा तो नसतो. मालकाला सांगून बसवून घ्या, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

बोर्ड स्वतः उघडू नका. मी इंजिनिअर आहे, पण मीही उघडत नाही. माझ्या घरी काकांनी मेन बोर्डापासून वेगळी २.५ चौ. मिमीची वायर ओढली, स्वतंत्र एमसीबी लावला आणि बटण बाथरूमच्या बाहेर काढलं. सगळं मिळून २,८०० रुपये. मालकाने अर्धे दिले.

## २. गिझर: इन्स्टंट की साठवणीचा?

पाणी तापवायला लागणारी ऊर्जा ठरलेली असते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ०.५२ युनिट वीज लागते. २ किलोवॅटचा गिझर त्यासाठी १६ मिनिटं घेतो. त्या १५ लिटरमध्ये तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर पाणी होतं. एका माणसाला दीड बादली पुष्कळ झाली.

३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर २५ अंशांचं पाणी ४० अंशांवर नेत मिनिटाला जेमतेम ३ लिटर देतो. म्हणजे २० लिटरची बादली भरायला ७ मिनिटं. पुण्यातल्या डिसेंबरमध्ये टाकीतलं पाणी १८ अंशांचं असेल तर १० मिनिटं. बादलीने अंघोळ करणाऱ्याला चालतं. शॉवरखाली उभं राहायचं असेल तर धार बारीक लागते.

'इन्स्टंट म्हणजे वीज कमी' हा गैरसमज आहे. तेवढंच पाणी तापवायला ऊर्जा जवळपास तेवढीच. फरक एवढाच, की साठवणीचा गिझर दिवसभर चालू ठेवला तर साठलेलं पाणी थंड होत राहतं आणि ते पुन्हा तापवण्यात वीज जाते. अंघोळीआधी वीस मिनिटं लावून नंतर बंद केला तर ही गळती फारशी राहत नाही.

माझा सल्ला: वायरिंग जुनं असेल तर २ किलोवॅटचा १५ लिटरचा साठवणीचा गिझर. १६ अँपिअरचं सॉकेट त्यालाही लागतंच, पण करंट १३ ऐवजी ९ च्या आत राहतो.

## ३. पाणी: टीडीएस आणि दाब

### प्युरिफायर घेण्याआधी मीटर घ्या

पेनासारखं टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर मर्यादा २,००० पर्यंत जाते.

आमच्याकडे महापालिकेचं पाणी असतं तेव्हा मीटर १०० च्या आसपास दाखवतं. टँकर आला की ६०० च्या वर. म्हणून एकदाच मोजू नका. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, टँकर कधी येतो, बोअर आहे का, आणि त्या दिवशीही मोजा.

- टीडीएस वर्षभर कमी असेल तर यूव्ही आणि यूएफवाला प्युरिफायर पुरतो.
- टँकर किंवा बोअरचं खारं पाणी असेल तर आरओ लागतो. तो बरंच पाणी बाहेर टाकतो. ते लादी पुसायला, संडासात ओतायला वापरा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, त्यामुळे आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध असं नाही. आणि पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. जड पाणी असेल तर गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, म्हणून तिथे गिझरची वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या.

### वरच्या मजल्याचा दाब

माझी दुसरी चूक इथली. फ्रंट-लोड मशीन बसवलं आणि धुणं लावलं की अर्ध्या तासाने ते 'पाणी येत नाही' असा एरर देऊन थांबायचं. नळाला तर पाणी होतं.

पाण्याचा दाब टाकी किती उंचावर आहे त्यावर ठरतो. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार. गच्चीवरची टाकी माझ्या नळापासून जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे दाब ०.३ बार. माझ्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत कमीत कमी ०.५ बार लिहिलं होतं. पुस्तिका वेबसाइटवर फुकट उपलब्ध होती. मी रिव्ह्यू वाचले, पुस्तिका वाचली नाही.

ते मशीन मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला तोट्यात विकलं. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे ते निमूटपणे चालतंय. मी टॉप-लोड घेतलं. त्यात वेळ पडली तर बादलीने पाणी ओतता येतं. दाब वाढवणारा छोटा पंपही मिळतो, पण त्यासाठी मालकाची आणि सोसायटीची परवानगी लागते.

चाचणी: मशीनच्या नळाखाली १० लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. एका मिनिटात भरली तर बहुतेक काळजी नाही. तीन-चार मिनिटं लागली तर मशीन घेण्याआधी पुस्तिकेतला दाबाचा आकडा बघा. आणि मशीनच्या जागी पाणी जायला मोरी किंवा पाइप आहे का, तेही.

## ४. फ्रीज: स्टारच्या खालचा आकडा वाचा

फ्रीजवरच्या बीईईच्या लेबलवर स्टारच्या खाली वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो. खरा उपयोगाचा तोच. स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात, म्हणून जुन्या लेबलवरचे ५ स्टार आणि नव्यावरचे ५ स्टार एकच नसतात. लेबलवरचं वर्षही बघा.

हिशोब असा करा. समजा एक फ्रीज वर्षाला १५० युनिट घेतो, दुसरा २००, आणि एका युनिटला १० रुपये पडतात. वर्षाला ५०० रुपयांचा फरक. पहिला ४,००० रुपयांनी महाग असेल तर पैसे वसूल व्हायला आठ वर्षं लागतील. तेवढी वर्षं तो तुमच्याकडे राहणार असेल तरच घ्या. एकट्याला किंवा दोघांना १८० ते २०० लिटरचा सिंगल-डोअर पुरतो.

जुना घेणार असाल तर दाराचं रबर तपासा: कागद अडकवून दार लावा, कागद सहज निघून आला तर रबर सैल आहे. टेम्पोत फ्रीज उभाच आणा. आडवा आणावाच लागला तर घरी काही तास उभा ठेवून मग चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल परत जागेवर येतं. भिंतीपासून पुस्तिकेत दिलेलं अंतर ठेवा.

## ५. स्वयंपाकघर: गॅस की इंडक्शन?

इंडक्शनला लोहचुंबक चिकटणारीच भांडी चालतात. आईने दिलेला अॅल्युमिनियमचा कुकर माझ्या इंडक्शनवर चालेना. म्हणून आधी फ्रिजवरचं मॅग्नेट घ्या आणि घरातल्या भांड्यांच्या बुडाला लावून बघा. भाकरी आणि वांगं भाजणार असाल तर गॅस लागतोच.

नव्या शहरात एवढ्यात मोठं कनेक्शन नको असेल तर ५ किलोचा सिलिंडर हा पर्याय आहे. नेहमीचा घरगुती १४.२ किलोचा. इमारतीत पाइप गॅस असेल तर शेगडी तपासून घ्या: सिलिंडरच्या शेगडीचे जेट पाइप गॅसला चालत नाहीत, ते बदलून घ्यावे लागतात. शेगडी जुनी असेल तर रबरी नळीवरची तारीख वाचा आणि मुदत संपली असेल तर नवी घ्या.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. पाइप गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो. वास आला तर दिवा, पंखा, एक्झॉस्ट, कुठलंच बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि मग फोन करा. एलपीजी गळतीसाठी मदत क्रमांक १९०६ आहे.

## ६. पंखा, वाय-फाय आणि फर्निचर

पंखा. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला १० तास चालला तर वर्षाला सुमारे १६४ युनिट वाचतात. १० रुपयांच्या हिशोबाने १,६४० रुपये. घर भाड्याचं असलं तरी पंखा तुमचा. मालकाचा जुना पंखा गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि जाताना परत लावून द्या. बीएलडीसी पंखा भिंतीवरच्या रेग्युलेटरने कमी-जास्त करू नका. रेग्युलेटर पूर्ण फिरवून ठेवा किंवा काढून घ्या.

वाय-फाय. आधी शेजाऱ्यांना विचारा, इमारतीत कुणाचं फायबर खरंच पोचलंय. राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात ठेवू नका, घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण काँक्रीटच्या भिंतीत लवकर मंदावतो. २.४ लांब पोचतो, पण हळू. वीज जात असेल तर राउटरचा छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉपची बॅटरी असतेच, मीटिंग तुटत नाही.

फर्निचर. टेप घेऊन लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि बेडरूमचं दार मोजा. नट-बोल्टने सुटणारा पलंग घ्या, कारण तुम्ही पुन्हा घर बदलणार आहात. गादीची लांबी ७२, ७५, ७८ इंच अशी वेगवेगळी येते, म्हणून पलंग आणि गादी एकाच मापाची आहे ना ते बघा. घरून काम करत असाल तर सोफ्याआधी चांगली खुर्ची घ्या.

## कुठल्या क्रमाने घ्यायचं?

पहिल्या दिवशी: गादी, बादली-मग, झाडू, एक पातेलं, टेस्टर, टेप, कुलूप. माझ्यासारखं कुलूप विसरू नका.

पहिल्या आठवड्यात: वायरमनकडून तपासणी, टीडीएस आणि दाबाची चाचणी, शेगडी, पाण्याची सोय. गिझर तपासणीनंतरच.

पहिल्या महिन्यात: फ्रीज, वॉशिंग मशीन, वाय-फाय, खुर्ची-टेबल.

तीन महिन्यांनी: पलंग, सोफा, टीव्ही, एसी. तोपर्यंत ऊन कुठून येतं, आपण नक्की कुठे बसतो आणि मुळात हे घर आवडतंय का, हे कळलेलं असतं.

आणि एक काम करारासोबत. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याला मालकाच्या वस्तूंची यादी जोडा. राहायला जाण्याआधी प्रत्येक सॉकेट, नळ आणि भिंतीचा फोटो काढून मालकाला पाठवा. डिपॉझिट परत घेताना वाद होत नाही.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मालक म्हणतात, आधीचे भाडेकरू कन्व्हर्टरवरच गिझर चालवायचे. मग?
चालत होता म्हणजे सुरक्षित होता असं नाही. माझाही सात दिवस चालला. वरचा हिशोब दाखवा आणि निम्मा खर्च मागा. घर त्यांचंच वाचणार आहे.

गॅस गिझर स्वस्त पडतो, तो लावू का?
बंद बाथरूममध्ये अजिबात नको. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस शुद्ध हरपतो तरी कळत नाही. लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी.

एक्स्टेन्शन बोर्डवर काय चालेल?
लॅपटॉप, मोबाइल, राउटर, टेबल लॅम्प. सगळ्यांचे वॅट मिळून बोर्डावर छापलेल्या आकड्याच्या बऱ्याच खाली ठेवा. त्याला दुसरा बोर्ड जोडू नका.

ही सगळी तपासणी करायला किती वेळ लागतो?
वायरमन धरून एक शनिवार. साहित्य म्हणजे टेप, बादली, सॉकेट टेस्टर आणि टीडीएस मीटर. हजार रुपयांच्या आत.

## शेवटी

वस्तूंची माहिती इंटरनेटवर ढिगाने मिळते. तुमच्या घराची माहिती मात्र कुठेच नसते, ती तुम्हालाच फिरून गोळा करावी लागते. मी आता एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय: मंजूर भार, १६ अँपिअरची सॉकेट कुठे, पाण्याचा टीडीएस, दाब, दारांची मापं. काहीही घ्यायचं असेल तर आधी तो वाचतो.

संक्रांतीला आई पुन्हा आली होती. अंघोळीला जाण्याआधी गिझरच्या पिनेला हात लावून बघितला, मग म्हणाली, "गार आहे." तुम्हीही तुमच्या घरातल्या पिनांना एकदा हात लावून बघा. आजच.